धुरपतामायची तामील

धुरपतामायला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उन्हात उभी होती. तहसील कचेरीसमोरच्या लिंबाची सावली जिथं संपायची, तिथून बरोबर एक पाऊल पलीकडे. उंच, वाळलेली बाई, पन्नाशी उलटलेली. कपाळ कोरं, लुगड्याचा पदर कानामागून घट्ट आवळलेला, डोक्यावर मातीची रिकामी घागर. त्या घागरीला हात न लावता ती मान वळवून सगळीकडं बघू शकायची.

मी त्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. निझामाचं राज्य होतं. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. कचेरीचा कारभार सगळा उर्दूत आणि आमच्या डोंगरपट्ट्यातल्या रयतेला उर्दूचं एक अक्षर कळत नव्हतं. बीडच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मी उर्दू शिकलो होतो, त्यामुळं पंचविशीतच लोक मला मुन्शी म्हणायला लागले होते. मी ब्राह्मण, एका गावचं पटवारीपण आमच्या चुलत्यांकडं. माझ्यासमोर महारवाड्यातली माणसं आली की ती सावलीबाहेर उभी राहायची, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

"मुन्सी, येक इचारू का?" ती म्हणाली.

"विचार."

"सरकारचा कागद मोठा का पाटील मोठा?"

आजूबाजूची दोन-चार माणसं हसली. मीही हसलो. "कागद मोठा," म्हटलं.

"मंग त्यो भितीवरचा कागद वाचून दावा."

हैदराबादहून आलेली एक गश्ती चार दिवसांपूर्वी कचेरीच्या भिंतीवर चिकटवली होती. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. अशा गश्त्या यायच्या, भिंतीवर लागायच्या आणि पावसाळ्यात आपोआप गळून पडायच्या. ही मात्र जरा वेगळी होती. लोकलफंडातून, म्हणजे रयतेकडून घेतलेल्या पट्टीतून, बांधलेल्या विहिरी आणि सरकारी मदरसे सगळ्या रयतेला खुले आहेत, बिला तफरीक-ए-मजहब-ओ-मिल्लत, असं तिच्यात लिहिलं होतं. बाजाराच्या दिवशी दवंडी पिटली गेली होती आणि ती हिच्या कानावर पडली होती.

मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

"ह्ये बिलातफरीक म्हंजी काय?"

"म्हणजे धर्म, जात असा भेद न करता."

"म्हंजी आमी बी?"

"तुम्ही पण."

"मंग आमच्या गावच्या आडावर मला पानी कावून भरू देत न्हाईत?"

"त्यांना गश्ती माहीत नसेल अजून," असं काहीतरी मी बोललो.

"मंग मी सांगून येते," असं म्हणून ती निघाली. सांगून येणं म्हणजे काय, हे मला त्या वेळी कळलं नाही. पुढची कित्येक वर्षं ती तेच करत होती.

गावांची नावं मी इथं मुद्दाम गाळतो आहे. तिथल्या पाटलांची नातवंडं आता सुना नांदवताहेत. आजोबाच्या करणीवरून त्यांना कुणी ओळखू नये.

धुरपतामाय मूळची तेलगावच्या पलीकडची. लग्न होऊन आमच्या डोंगरात आली. मानमोडीच्या साथीत नवरा आणि दोन्ही लेक एकाच आठवड्यात गेले. मागं राहिली ती एकटी. डोंगरातून सरपणाची मोळी आणायची आणि पाटोद्याच्या बाजारात विकायची. पायाला भिंगरी होती. चार कोसांवरच्या गावी जाऊन येणं म्हणजे तिला शेजारच्या आळीत जाऊन आल्यासारखं होतं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोण काय बोललं, कोणत्या बाजाराच्या दिवशी बोललं आणि बोलताना कुठं उभं होतं, हे सगळं तिच्या डोक्यात राहायचं.

आवाज हलका होता. राग आला की आणखी हलका व्हायचा, इतका की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागे. शिवी तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. एक खोड मात्र अशी होती की भलेभले वैतागायचे. कुणी म्हणालं, "लोक असं म्हणतात," की ती लगेच विचारायची, "कोन लोक? नाव सांगा." कुणी म्हणालं, "गावाला पटत नाही," की, "गावात कोनाला? नाव सांगा." नाव सांगितलं की ती त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "मालक, तुमी असं म्हनले का?" निम्मी माणसं कानांवर हात ठेवायची. ती परत यायची आणि पहिल्या माणसाला सांगायची, "त्येनी न्हाई म्हनले. दुसरं नाव सांगा."

‘बिलातफरीक’ हा शब्द तर तिनं असा उचलला की तिच्या तोंडी तो अस्सल आमच्या डोंगरातला वाटायचा. आड बिलातफरीक हाय. साळा बिलातफरीक हाय. एकदा सरपणाच्या भावावरून घासाघीस करणाऱ्या एका व्यापाऱ्याला तिनं सुनावलं होतं, "माझं सरपान बी बिलातफरीक हाय, बामनाच्या चुलीत जळतं आन तुमच्या बी."

गावोगाव जाऊन आड खुला झाला का ते ती बघायची. ही तिची तपासणी मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती एका लग्नाच्या निमित्तानं. पाहुण्यांकडं लग्न होतं म्हणून मी एका गावी गेलो होतो. सकाळी आडावर गलका ऐकू आला. बघतो तर धुरपतामाय घागर घेऊन आडाच्या कट्ट्यापासून दोन हातांवर उभी, आणि समोर गावच्या बाया घागरी काखेत मारून गप्प. कुणीतरी पाटलाला बोलावून आणलं. पाटील तसा खट माणूस नव्हता. पटका बांधत बांधतच आला.

"काय गं, पानी पायजे का? बाया वाढत्याल की वरून. कवा न्हाई म्हनलंय?"

"वाढल्यालं नको, पाटील. दोर मला सोडू द्या. आड लोकलफंडाचा हाय. गश्ती निगलीया."

"गश्तीचं मला बी ठावं हाय. मी न्हाई म्हनत न्हाई. गाव न्हाई म्हनतंय."

"मंग गावाला लिहून द्याया सांगा. हितं पानी भरू दिलं न्हाई म्हनून. खाली अंगठा करा. मी चालली."

पाटील बघतच राहिला. अडचण त्याच्या लक्षात आली तशी माझ्याही आली. लिहून द्यावं तर सरकारचा हुकूम मोडल्याचा कबुलीजबाब होतो. दोर सोडू द्यावा तर गाव अंगावर येतं. आणि ही बाई तर भांडतही नव्हती. तिला दोन्हीपैकी एक हवं होतं आणि कोणतंही चालणार होतं.

"अगं, तू कोन लिहून मागनार? तू काय पोलिसांचा अमीन हायस का?"

"न्हाई. मी रयत हाय."

ती तिथंच बसली. कट्ट्याला शिवली नाही, पण हललीही नाही. दुपारपर्यंत बाया आडावर आल्या, तिला बघून थबकल्या, कुजबुजल्या आणि लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर गेल्या. लग्नघरातलं पाणी संपलं. यजमान माझ्याकडं आले, "मुन्शी, ती तुमच्या वळखीची म्हणे. काढा की तिला." मी तिच्याजवळ गेलो. एवढंच म्हणालो, "धुरपते, आज लग्न आहे इथं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "म्हनून तर आज आले. आज समद्या गावानं बघितलं."

उन्हं कलल्यावर पाटील पुन्हा आला. "जा तू. सरकारला काय सांगायचं ते सांग जा."

"काय सांगू?"

"सांग, न्हाई म्हनले म्हनून."

"तुमचं नाव घिऊन सांगू?"

पाटील काही बोलला नाही. ती उठली, लुगडं झटकलं, घागर डोक्यावर घेतली. जाताना माझ्याजवळ थांबून हलक्या आवाजात म्हणाली, "ह्येचं बरं हाय. नाव घेतलं की गप तरी बसतो. वरच्या गावचा पाटील नाव घेतलं की घागर फोडतो."

घागरी पुष्कळ फुटल्या. प्रत्येक गावची खापरी ती उचलून आणायची आणि घरी एका फडक्यात बांधून ठेवायची. कोणती खापरी कोणत्या गावची ते काठाच्या तुकड्यावरून ओळखायची. कुंभार तिला म्हणायचा, "माय, तुझ्यासाठी आता जाड थापतो." ती म्हणायची, "नको. फुटू दे. न फुटनारी घागर मंग डोक्यात घालत्याल."

शाळेचं प्रकरण आडानंतरचं. एका गावच्या सरकारी मदरशात महारवाड्यातली पाच-सहा लेकरं जायची. जायची म्हणजे ओसरीवर, जोड्यांजवळ बसायची. तपासणीला नाजिर आला त्या दिवशी ती सगळी आत, जाजमावर बसवलेली. नाजिर खूश होऊन शेरा लिहून गेला. धुरपतामाय त्या दिवशी गेलीच नाही. ती दुसऱ्या दिवशी गेली. लेकरं पुन्हा ओसरीवर होती.

"मास्तर, काल आत हुती लेकरं. आज भाईर कशी?"

मास्तर पोटार्थी, परगावचा. हात जोडून म्हणाला, "माय, मला या गावात राहायचंय. वरचे लोक आपली पोरं काढून घेतात. शाळाच बंद पडंल."

"कोन काढून घेतो? नाव सांगा."

मास्तर कळवळला. "नको ना माय."

"बरं, नका सांगू. ही लेकरं आत घ्या. कोनी इचारलं तर म्हना, धुरपतीनं घातली. मी हितं दारात बसते."

आणि ती खरंच, रोज पोरं आत गेली की, दाराच्या चौकटीला टेकून उंबऱ्यात बसायला लागली. आठ दिवस सरपण नाही, बाजार नाही. पहिल्या दिवशी निम्म्या घरांनी पोरं काढली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. ती हलली नाही. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी तावातावानं आला आणि दारातच अडला, कारण आत जायचं तर तिला ओलांडून जावं लागणार, आणि शिवायचं तर नव्हतं. बाहेरूनच त्यानं आपल्या पोराला हाका मारल्या. पोरगं पाढे म्हणण्यात रंगलं होतं. ते काही उठलं नाही. आठवड्यानं काढलेली निम्मीअधिक पोरं परत आली. गावात दुसरी शाळा होती कुठं? धुरपतामाय उठून आपल्या घरी गेली तेव्हा तिला बाराचा पाढा पाठ झाला होता. पुढं माझ्याकडं आली की मधूनच म्हणून दाखवायची. बारा नव्वे अडुसष्टासे वगैरे काहीतरी हमखास चुकायची, आणि मी हसलो की विचारायची, "कोन म्हनतं चुकलं? पुस्तक दावा."

त्या दिवसांत केव्हातरी मी तिला "या, बसा," म्हणालो. मुद्दाम ठरवून नव्हतं, तोंडातून गेलं. तिनं मागं वळून पाहिलं, आपल्यामागं कोण उभं आहे म्हणून. कुणी नव्हतं. मग ती सावलीत आली आणि माझ्या पथारीच्या टोकाशी बसली. समोर कचेरीचा चपराशी होता, त्याच्या हातातली पानाची पुडी तशीच राहिली. त्यानंतर काही गिऱ्हाइकं माझ्याकडं यायची बंद झाली. ते असो.

खरा सामना झाला तो तामिलीवरून. सरकारनं हुकूम काढला की त्याची अंमलबजावणी झाली का, याचा जबाब तालुक्यातून जायचा. त्याला तामील म्हणत. गश्तीला दोन वर्षं होत आली तेव्हा हैदराबादहून विचारणा आली. कचेरीतला पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद ठेवणारा कारकून, माझ्याकडं पान खायला यायचा. तो सहज बोलून गेला, "जबाब गेला बुवा. तमाम मौज्यांत तामील झाली, असं लिहून टाकलं. कटकट मिटली."

धुरपतामाय आली तेव्हा मी तिला ते सांगितलं. ती इतक्या हलक्या आवाजात बोलली की मला कान पुढं न्यावा लागला.

"तमाम म्हंजी समद्या?"

"सगळ्या गावांत."

"मंग ह्या खापऱ्या कुटल्या?"

अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचा सगळ्यात मोठा अंमलदार, दौऱ्यावर निघाला होता आणि लिंबागणेशाजवळच्या आमराईत त्याचे तंबू पडणार होते. तिनं त्याला द्यायला अर्ज लिहायला सांगितला. गावाचं नाव, पाटलाचं नाव, घागर कुणी फोडली त्याचं नाव, दिवस कोणता. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. एका ठिकाणी ती थांबली.

"मुन्सी, आता तुमच्या चुलत्याचं गाव यील. तिथं बी भरू दिलं न्हाई. तुमचा चुलता उभा हुता. लिवता का मी दुसरा बघू?"

माझा टाक थांबला. चुलत्यांनी मला शिकवलं होतं, बीडला ठेवलं होतं. आणि अर्ज लिहिणाऱ्याचं नाव खाली घालावं लागे.

"काय बोलले ते?" मी विचारलं.

"बोलले न्हाईत. हासले."

मी लिहिलं. खाली माझं नाव घातलं. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवसापासून चुलत्यांच्या घरचं जेवणाचं बोलावणं आलं नाही, अगदी श्राद्धाचंही नाही. मी फार धीट होतो असं कुणी समजू नये. ती समोर बसली होती आणि तिच्यासमोर टाक खाली ठेवायची मला लाज वाटली, इतकंच.

आमराईत आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे अर्जदार रांगेत उभे होते. तालुकदार हैदराबादचा, वयस्कर, नाकावर चष्मा, बोलणं अदबीचं. शेजारी आमचे तहसीलदार साहेब. माझा अर्ज वाचला गेला. तहसीलदारांनी मान हलवली, "हुजूर, ही बाई जरा अशीच आहे. तामील सगळीकडं झालेली आहे."

धुरपतामायनं फडकं सोडलं आणि तंबूसमोरच्या जाजमावर एकेक खापरी मांडली. प्रत्येक खापरीवर बोट ठेवून गावाचं नाव घेतलं. कुणी कागद पुढं धरला नव्हता; सगळं तोंडपाठ. शेवटी म्हणाली, "बिलातफरीक लिवलंय, साहेब. मी तीनदा वाचून घेतलंय."

मराठी बाईच्या तोंडचा तो शब्द ऐकून तालुकदारांनी चष्मा काढला. हसले नाहीत. मोडक्या मराठीत विचारलं, "जवळचं गाव कोणतं यातलं?"

ते तिचंच गाव, तिथून कोसभरावर होतं. तालुकदार घोड्यावर, मागं तहसीलदार, अमीन, चपराशी, आणि सगळ्यांच्या पुढं पायी धुरपतामाय. डोक्यावर नवी घागर. आम्ही पोचेपर्यंत वर्दी गेलेली होती. आडाभोवती सगळं गाव जमलेलं. पाटलानं कमरेत वाकून सलाम केला आणि स्वतः रहाटाचा दोर उचलून पुढं धरला. "भर की माय. आड समद्यांचाच हाय. आमी कवा न्हाई म्हनलं?"

तहसीलदारांचा चेहरा उजळला. सगळे तिच्याकडं बघत होते. मला वाटलं, झालं. हिनं जे मागितलं ते मिळालं.

धुरपतामायनं दोराला हात लावला नाही.

"आज न्हाई," ती म्हणाली.

"काय?" तहसीलदार ओरडलेच.

ती तालुकदारांकडं वळली. "साहेब, आज तुमी हायेत म्हनून देत्यात. तुमच्या घोड्याला बी देत्याल. मी उद्या येते. तुमचा येक बी मानूस हितं नसताना. उद्या भरू दिलं तर तामील झाली लिवा."

रहाटावर बसलेला होला फडफडला तो सगळ्यांनी ऐकला. तालुकदारांनी तहसीलदारांना तो जबाब परत मागवायला सांगितला. पुढच्या जबाबाखाली पाटील-पटवाऱ्याच्या सहीबरोबर त्या त्या गावच्या महारवाड्यातल्या दोन माणसांचे अंगठे हवेत, असंही बजावलं. अंगठा नसेल तर तामील नाही. माझ्यासमोर त्यांनी ते आपल्या हातानं लिहिलं. ज्यांच्यासाठी हुकूम काढला त्यांनाच विचारायचं, एवढी साधी गोष्ट, पण कचेरीत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

ती ठरल्याप्रमाणं दुसऱ्या दिवशी गेली, एकटी. मी येतो म्हणालो तर म्हणाली, "तुमी आलात तर मंग ते उद्या झालं का?"

त्या दिवशी घागर तर फोडलीच, पण तिलाही मारलं. डावा हात कोपराखाली मोडला. तिच्या खोपटाची एक भिंत कुणीतरी पाडली. हाडवैद्यानं कामट्या बांधून दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती लिंबाखाली हजर. हात गळ्यात अडकवलेला, ओठ सुजलेला. मी उठून उभा राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं पाहिलं.

"रडता कावून? लिवा," ती म्हणाली. "तामील न्हाई. आनि माझा अंगठा घ्या. उजवा हात चांगला हाय."

मी लिहिलं. तिनं अंगठा इतका दाबून उठवला की शाई कागदाच्या मागं उतरली. ‘कोणी मारलं’ या रकान्यात तिनं चौघांची नावं सांगितली. त्यातला एक जण भरबाजारात तिला येऊन म्हणाला होता, "ए म्हातारे, नाव घेतलंस तर जित्ती ऱ्हानार न्हाईस." त्याचं ते वाक्यही तिनं जसंच्या तसं लिहायला लावलं, आणि ते ऐकायला उभ्या असलेल्या तिघांची नावंही.

तालुकदारांच्या दफ्तरातून हालचाल व्हायला वेळ लागला. मला वाटलं होतं, काहीच होणार नाही. पण तो पाटील मोअत्तल झाला, म्हणजे त्याची पाटिलकी तात्पुरती काढून घेतली. दोघांना पकडून बीडला नेलं. आड महारवाड्याला खुला झाला. झाला म्हणजे काय, तर बाकीच्या गावानं तो सोडला. पाणी बाटलं म्हणून सगळ्या बाया मळ्यातल्या विहिरीवर जायला लागल्या, पाऊण कोस. धुरपतामायला मी म्हणालो, "हे काही खरं नव्हे."

"न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "पाय त्येंचे दुकत्यात."

अंगठ्यांचे जबाब यायला लागले तसं तिचं काम वाढलं. काही गावांत महारवाड्यातल्या माणसांना दमदाटी करून अंगठे घेतले जायचे. ती तिथं जायची आणि विचारायची, "पानी भरलं का तुमी?" माणसं खाली बघायची. ती त्यांना रागवायची नाही. बायांना घेऊन आडावर जायची, आणि मग परत माझ्याकडं. कित्येक गावांत शेवटपर्यंत काही झालं नाही. काही ठिकाणी झालं आणि पुन्हा मोडलं. ती यादी तिच्या डोक्यात रोज नवी होत असे. डावा हात वाकडा जुळला होता. आता ती घागर उजव्या हातानं धरायची.

मी पुढं कचेरीसमोरचं अर्ज लिहिणं सोडलं आणि बीडला एका वकिलाकडं लागलो. बरीच वर्षं तिची गाठ पडली नाही.

मग एक कोरडा उन्हाळा आला. विहिरी आटल्या. एका कामासाठी मी, तिचा हात मोडला होता त्याच गावाजवळून बैलगाडीनं चाललो होतो. सकाळचे आठ-नऊ वाजले असतील. गाडीवान म्हणाला, मळ्यातल्या विहिरीनं तळ गाठलाय, आता सगळं गाव आडावर येतंय. आडाजवळ आलो तर बायांची ही गर्दी, घागरींना घागरी लागलेल्या, दोराला जागा नाही. आणि त्या गर्दीच्या मधोमध धुरपतामाय. पार म्हातारी झालेली, वाकलेली, दोर एका हातानं आणि दातांत धरून ओढत होती.

तिच्यामागं एक जाड बांध्याची, नथ घातलेली बाई घागर आपटत होती. गावातल्या चांगल्या घरची असावी.

"ए म्हातारे, सरक की लवकर! माझी बारी हाय!"

धुरपतामायनं दातांतला दोर सोडला. "तुजी कशाची? मी तांबडं फुटायच्या आदी येऊन बसले!"

"मंग भरली की येक घागर! दुसरी कावून?"

"दुसरी माज्या शेजारनीची हाय! ती बाळंतीन हाय!"

"समद्या बाळंतिनींचं तूच भरती का काय?"

दोघींचे आवाज चढले. बाकीच्या बाया हसत होत्या, कुणी हिच्या बाजूनं, कुणी तिच्या. पदराला पदर घासत होता आणि कुणाचंही तिकडं लक्ष नव्हतं. धुरपतामायचा आवाज मी इतका मोठा कधीच ऐकला नव्हता.

मी गाडीतून उतरलो, दोन पावलं गेलो आणि तिला हाक मारली. तिनं एकदा मान वळवली. ओळखलं की नाही कोण जाणे. मला हातानंच थांब म्हणून खूण केली आणि पुन्हा त्या बाईकडं वळली. भांडण अजून चालू होतं.